उशिराचे निदान : सर्व्हरलेस यंत्रणा आणि तिची मापके



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय संगणकाचे काम करणाऱ्या मंडळींनी आपसांत बोलावयाचा. व्याख्यानमालेच्या मांडवात त्याचे काय काम? परंतु ह्या विषयाचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे. विजेचे बिल भरावे, परीक्षेचा अर्ज पाठवावा, नाटकाचे तिकीट काढावे म्हणून आपण बटण दाबतो. पडद्यावर एक चक्र फिरू लागते. ते फिरतच राहते, आणि शेवटी ‘टाइमआउट’ असा शब्द किंवा ५०४ असा नुसता आकडा उमटतो. पैसे गेले की राहिले, अर्ज पोचला की वाटेत अडला, हे काही कळत नाही. पुन्हा बटण दाबावे तर दोनदा पैसे जाण्याची भीती. न दाबावे तर मुदत टळण्याची भीती. स्पष्ट नकार मिळाला तर मनुष्य दुसरा मार्ग शोधतो. अशी अनिश्चितता मात्र त्याला जागच्या जागी खिळवून ठेवते.

ह्या टाइमआउटचे निदान कसे करावयाचे, हे आज मला सांगावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : टाइमआउट म्हणजे वाट पाहणाऱ्याचा धीर संपला एवढीच नोंद होय. उशीर का झाला, हे ती नोंद सांगत नाही. ते कळावयाचे तर वेळ कोणत्या टप्प्यावर खर्च झाला हे मोजले पाहिजे. घड्याळाची मुदत वाढविल्याने कारण सापडत नाही. उलट पुष्कळदा दुखणे वाढते. हे शेवटचे विधान काहींना चमत्कारिक वाटेल. त्याचा हिशेब पुढे मांडतो.

बिनसर्व्हरची व्यवस्था

प्रथम ‘सर्व्हरलेस’ ह्या शब्दाचा उलगडा करू, कारण शब्द थोडा फसवा आहे. सर्व्हर म्हणजे इतरांच्या मागण्या पुरवीत अखंड चालू राहणारा संगणक. तेव्हा सर्व्हरलेस म्हणजे जेथे असा संगणकच नाही, असा अर्थ कोणी करील तर तो चुकेल. लग्नघरी कायमचा आचारी नसतो. कार्य निघाले की आचारी बोलावतात. तो आपली माणसे घेऊन येतो आणि पंगती उठल्या की मजुरी घेऊन जातो. घरात आचारी नाही म्हणून जेवण आपोआप शिजते, असे कोणी म्हणत नाही. सर्व्हरलेसचेही तसेच आहे. यंत्र असतेच, पण ते दुसऱ्याचे असते, कामापुरते मिळते आणि कामापुरतेच त्याचे पैसे पडतात.

अ‍ॅमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ नावाची अशी सेवा जाहीर केली. २०१६ मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांनीही त्याच धर्तीच्या सेवा पुढे आणल्या. आपण उदाहरणादाखल लॅम्डाच घेऊ. तिच्यात आपण आपल्या कामाचा एक छोटा भाग लिहून कंपनीच्या स्वाधीन करतो. त्याला ‘फंक्शन’ म्हणतात. मागणी आली की कंपनी ते फंक्शन चालविते. शंभर मागण्या एकदम आल्या तर शंभर आचारी उभे राहतात, कारण नेहमीच्या लॅम्डात एक आचारी एका वेळी एकच मागणी हाताळतो. मागण्या ओसरल्या की ते पांगतात. डिसेंबर २०२० पासून ह्या मजुरीचा हिशेब मिलिसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाने, होतो.

सोय मोठी खरी. पण एक गोष्ट हातची गेली. पूर्वी यंत्र अडले तर जाणता मनुष्य त्या यंत्रापुढे जाऊन बसत असे आणि आत काय चालले आहे ते पाहत असे. आता आपली मागणी कोणत्या यंत्रावर चालली हेच आपणांस ठाऊक नसते, आणि तपास करू म्हणेपर्यंत तो आचारी निघूनही गेलेला असतो. रोगी समोर नाही, नाडी हाताला लागत नाही. हाती आहे तो केवळ ताप आणि नाडी यांच्या नोंदींचा तक्ता. म्हणून ह्या व्यवस्थेत मापके हाच वैद्याचा मुख्य आधार होऊन बसला आहे.

एक मागणी, अनेक घड्याळे

समजा, एका नाट्यगृहाने तिकीटविक्री ह्या पद्धतीने चालू केली आहे. प्रेक्षकाने खुर्ची निवडून बटण दाबले की त्याची मागणी प्रथम दाराशी येते. ह्या दाराला ‘एपीआय गेटवे’ म्हणतात. गेटवे ती मागणी फंक्शनकडे देतो. फंक्शन खुर्ची रिकामी आहे की नाही हे डेटाबेसला विचारते. तो डेटाबेस म्हणजे आपले कोठीघर. मग पैशासाठी ते बँकेच्या यंत्रणेकडे जाते, आणि आलेले उत्तर त्याच वाटेने परत येते. ह्या साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीची वाट पाहत असते, आणि प्रत्येकीच्या हातात स्वतःचे घड्याळ असते.

ही घड्याळे सारखी नसतात. लॅम्डाच्या फंक्शनला आपण काही सांगितले नाही तर ३ सेकंदांची मुदत मिळते. ती जास्तीत जास्त ९०० सेकंदांपर्यंत वाढविता येते. एपीआय गेटवेची नेहमीची मुदत मात्र २९ सेकंदांची आहे. जून २०२४ पासून त्याच्या काही प्रकारांना ती वाढवून मागता येते. आता कोणी फंक्शनला १२० सेकंद दिले आणि गेटवेला २९ सेकंदच ठेवले, तर काय होईल? तिसाव्या सेकंदाच्या आत गेटवे प्रेक्षकाला ५०४ दाखवून मोकळा होईल. फंक्शनला त्याची वार्ताही नसते. ते आपले काम करीत राहील, चाळिसाव्या सेकंदाला खुर्ची राखून ठेवील, पैसेही घेईल, आणि ज्याला कोणी घेणारा उरला नाही असे उत्तर परत पाठवील. ‘पैसे गेले पण तिकीट आले नाही’ ह्या तक्रारीचे एक मूळ येथे आहे. फंक्शनच्या दफ्तरी ही मागणी यशस्वी म्हणून नोंदली जाते, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने ती बुडालेली असते. दोघेही खरेच बोलत असतात.

ह्यावरून पहिला नियम निघतो. आतले घड्याळ बाहेरच्या घड्याळापेक्षा आधी वाजले पाहिजे. डेटाबेसची वाट फंक्शनने आपल्या मुदतीपेक्षा कमी पाहावी, आणि फंक्शनची मुदत गेटवेपेक्षा कमी असावी. म्हणजे जो अडला त्याचे नाव सांगण्यापुरता तरी वेळ मागे उरतो.

काय मोजावे

आता मापकांकडे वळू. अ‍ॅमेझॉनच्या व्यवस्थेत ही मापके ‘क्लाउडवॉच’ नावाच्या सेवेत जमा होतात. मापके पुष्कळ आहेत; त्यांपैकी निदानाला लागणारी मोजकीच सांगतो. ‘इन्व्होकेशन्स’ म्हणजे फंक्शन किती वेळा चालले. ‘एरर्स’ म्हणजे त्यांपैकी किती वेळा ते चुकले. मुदत संपून बंद पडलेल्या खेपा ह्यातच धरल्या जातात. ‘ड्युरेशन’ म्हणजे दर खेपेस किती वेळ लागला. ‘कॉन्करंट एक्झिक्यूशन्स’ म्हणजे एका वेळी किती आचारी कामावर होते. ‘थ्रॉटल्स’ म्हणजे जागा नाही म्हणून किती मागण्या परतविल्या. गेटवेकडे आणखी दोन मापके असतात. ‘लेटन्सी’ म्हणजे दारावर मागणी आल्यापासून उत्तर बाहेर पडेपर्यंतचा सगळा वेळ, आणि ‘इंटिग्रेशन लेटन्सी’ म्हणजे त्यांपैकी आतल्या मंडळींची वाट पाहण्यात गेलेला वेळ.

ह्या दोहोंची वजाबाकी केली की दारावर किती वेळ गेला ते कळते. पुढे इंटिग्रेशन लेटन्सीतून फंक्शनचे ड्युरेशन वजा केले, तर फंक्शन सुरू होण्यापूर्वीचा वेळ हाती लागतो. ड्युरेशनमध्ये डेटाबेसने आणि बँकेने किती वेळ घेतला हे मात्र फंक्शनने स्वतः लिहून ठेवावे लागते. ती नोंद ठेवण्याची शिस्त लावली नसेल तर निदान उंबरठ्यावरच थांबते. प्रत्येक टप्प्याची वेळ अशी सुटी झाली की अर्धे काम झाले. उशीर कोठे झाला ह्यावर वाद घालण्याचे कारण उरत नाही.

येथे दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी : ड्युरेशनचा आलेख वर चढत जाऊन बरोबर ३ सेकंदांवर सपाट झाला, तर तो ३ सेकंदांचा आकडा कामाचा नसून घड्याळाचा असतो. काम संपले असते तर त्याला कधी २.७ तर कधी ३.४ सेकंद लागले असते. सपाट रेषा म्हणजे कात्री. कापड किती लांब होते हे तिच्यावरून कळत नाही. दुसरी खूण अधिक फसवी आहे. जागा नाही म्हणून परतविलेल्या मागण्या इन्व्होकेशन्समध्येही धरीत नाहीत आणि एरर्समध्येही धरीत नाहीत. मांडवात जो शिरलाच नाही, तो उपाशी उठला असे आचाऱ्याच्या वहीत कसे लिहिले जाणार? त्यामुळे एरर्सचा आलेख स्वच्छ आणि बाहेर लोकांचा आरडाओरडा, असे दृश्य दिसू शकते. अशा वेळी थ्रॉटल्सचा आलेख उघडावा.

सरासरीचा पडदा

मापक हाती आले तरी ते वाचावयाचे कसे, हा प्रश्न राहतो. कचेरीतील अहवालात बहुधा सरासरी दिलेली असते, आणि उशिराच्या बाबतीत सरासरी हे फार निसरडे मापक आहे. शंभर प्रेक्षकांपैकी नव्व्याण्णवांना ०.२ सेकंदात उत्तर मिळाले आणि एकाला २९ सेकंद ताटकळावे लागले असे समजू. बेरीज ४८.८ सेकंद झाली. सरासरी निघाली अर्ध्या सेकंदाच्याही आत. अहवाल वाचणारा समाधानाने मान डोलावील. ज्याचा अनुभव २९ सेकंदांचा, तो मनुष्य त्या सरासरीत पार नाहीसा झाला.

म्हणून येथे पर्सेंटाइल पाहतात. सीईटीच्या निकालांमुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. पन्नासावा पर्सेंटाइल म्हणजे निम्म्या मागण्या जेवढ्या वेळाच्या आत पुऱ्या झाल्या तो वेळ. नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतील नव्व्याण्णव मागण्या जेवढ्या वेळाच्या आत पुऱ्या झाल्या तो. पहिला आकडा सर्वसाधारण प्रेक्षकाचा अनुभव सांगतो, दुसरा रांगेच्या शेपटीकडील मनुष्याचा. दोन्ही वर गेले तर दुखणे सगळ्यांचे आहे. पहिला शांत आणि दुसरा चढलेला असेल तर दुखणे काहींचेच आहे, आणि त्यांच्यात समान काय, हा पुढचा प्रश्न.

शंभरांतील एक म्हणजे नगण्य, असेही कोणी समजू नये. एक पान उभे करण्यासाठी दहा वेगवेगळ्या मागण्या जात असतील आणि प्रत्येकीला शंभरांत एकदा उशीर होत असेल, तर शंभरांपैकी नऊ-दहा प्रेक्षकांना एक तरी उशीर भोगावा लागतो. गूगलमधील जेफ्री डीन आणि लुईस आंद्रे बारोसो ह्यांनी २०१३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात हाच हिशेब शंभर यंत्रांसाठी मांडला आहे. तेथे शंभरांपैकी त्रेसष्ट मागण्या रेंगाळतात. अपवाद म्हणून सोडून दिलेली गोष्ट अशी नेमाची होऊन बसते.

चार प्रकारची दुखणी

आता निदान. टाइमआउट एकच दिसला तरी त्याच्या मागे निरनिराळी कारणे असतात, आणि आलेखाच्या घाटावरून ती बऱ्याच अंशी ओळखता येतात.

पहिला प्रकार : दर खेपेस, पहिल्या दिवसापासून, टाइमआउट होतो. गर्दी असो वा नसो, ड्युरेशन मुदतीवर जाऊन चिकटते. येथे बहुधा वाटच बंद असते. फंक्शन एखाद्या खाजगी जाळ्याच्या आवारात ठेवले आणि तेथून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी वाट आखली नाही, तर बँकेकडे धाडलेला निरोप जातच नाही, आणि फंक्शन न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसते. ह्याला ३ सेकंदांऐवजी ३०० सेकंद दिले तर ते ३०० सेकंद वाट पाहील, एवढाच फरक. उपाय मुदतीत नसून जाळ्याच्या आखणीत आहे.

दुसरा प्रकार : पुष्कळ वेळ सामसूम असल्यानंतरची पहिली मागणी, किंवा एकाएकी लोंढा आला असता त्यातील काही मागण्या रेंगाळतात, बाकी सर्व ठीक असते. आचारी नव्याने बोलवावा लागला आणि शेगडी पेटविण्यात वेळ गेला, असा ह्याचा अर्थ. ह्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. लॅम्डाच्या नोंदवहीत अशा खेपेपुढे ‘इनिट ड्युरेशन’ म्हणून शेगडी पेटविण्याचा वेळ वेगळा लिहिलेला असतो. तेव्हा संशयाला जागा राहत नाही. फंक्शनबरोबर आणलेले ओझे कमी करावे. आणि गर्दीची वेळ आधी ठाऊक असेल तर काही आचारी आगाऊ बसवून ठेवावे. डिसेंबर २०१९ पासून तशी सोय आहे. अर्थात बसून राहिलेल्या आचाऱ्याचीही मजुरी द्यावी लागते.

तिसरा प्रकार : सर्वच खेपा संथ, गर्दीशी त्यांचा संबंध नाही, आणि बाहेरचे कोणी रेंगाळत आहे असेही दिसत नाही. येथे आचाऱ्याचे हातच तोकडे असतात. लॅम्डात फंक्शनला १२८ एमबीपासून १०,२४० एमबीपर्यंत मेमरी देता येते, आणि मेमरीच्या प्रमाणात आकडेमोडीची ताकदही मिळते. १,७६९ एमबी मेमरीबरोबर एका पूर्ण प्रोसेसरइतकी. म्हणून नुसती मेमरी वाढवून काम निम्म्या वेळात झाले, आणि वेळ कमी लागल्याने खर्च होता तेवढाच राहिला, असेही घडू शकते. नोंदवहीत ‘मॅक्स मेमरी यूज्ड’ हा आकडा दिलेल्या मेमरीला भिडला असेल तर हा उपाय प्रथम करून पाहावा. मात्र हा आकडा लहान असला तरी ताकद अपुरी असू शकते; ते मेमरी वाढवून आणि ड्युरेशन पुन्हा मोजूनच कळते.

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि लोकांना सर्वांत जास्त भोवणारा : एरवी सर्व ठीक चालते, पण गर्दीबरोबर वेळ वाढत जातो. ह्याच्याशी थोडे अधिक थांबू.

गर्दीचे गणित

जॉन लिटल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली एका साध्या नियमाची सिद्धता दिली. खाणावळीत दर मिनिटाला दोन गिऱ्हाइके येत असतील आणि प्रत्येक गिऱ्हाईक वीस मिनिटे बसत असेल, तर सरासरीने चाळीस खुर्च्या भरलेल्या असतात. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, बरोबर आत असलेली माणसे. आता स्वयंपाकघर मंदावले आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटे बसावे लागले, तर ऐंशी खुर्च्या लागतील. गिऱ्हाईक एकही वाढलेले नाही, तरी खाणावळ दुप्पट भरली.

आपल्या नाट्यगृहाकडे दर सेकंदाला ५० मागण्या येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतो असे धरू. एका वेळी १० आचारी कामावर राहतील. आता कोठीघर, म्हणजे डेटाबेस, काही कारणाने अडला आणि कोणालाच उत्तर देईना. फंक्शनची मुदत ३ सेकंद असेल तर ५० गुणिले ३, म्हणजे १५० आचारी दाटीवाटीने कोठीच्या दाराशी उभे राहतील. तेव्हा कोणीतरी सुचवितो की, मुदत अपुरी पडते आहे, ती २८ सेकंद करा. तसे केले की ५० गुणिले २८, म्हणजे १,४०० आचारी लागू लागतात. लॅम्डात एका केंद्रातील एका खात्याला सर्वसाधारणपणे एका वेळी १,००० पर्यंतच आचारी मिळतात. म्हणजे उरलेल्या मागण्या परतविल्या जाणार. शिवाय ही मर्यादा खात्यातील सर्व फंक्शनांना मिळून असते. तिकिटांच्या फंक्शनने सगळे आचारी अडवून धरले की नाटकांचे नुसते वेळापत्रक दाखविणारे, डेटाबेसच्या वाटेलाही न जाणारे फंक्शनसुद्धा बंद पडते. दुखणे एका अवयवाचे होते. मुदत वाढविल्याने ते सर्वांगाला झाले.

डेटाबेसच्या बाजूनेही पाहा. पोस्टग्रेस हा फार वापरला जाणारा डेटाबेस मुळात १०० जोडण्या स्वीकारतो. आचारी बहुधा एकेक जोडणी धरून उभा असतो. दहा आचारी असताना दार मोकळे होते. दीडशे झाले की पन्नासांना दारच मिळत नाही, आणि ज्यांना मिळाले त्यांच्या दाटीत कोठीवाला आणखी मंदावतो. तो मंदावला म्हणून गर्दी वाढते, गर्दी वाढली म्हणून तो मंदावतो. आलेखात हे दुखणे अचूक ओळखू येते : इन्व्होकेशन्स स्थिर, ड्युरेशन चढते, त्याच्यामागून कॉन्करंट एक्झिक्यूशन्स चढतात, आणि शेवटी थ्रॉटल्स उगवतात. कोणती रेषा आधी उठली हे पाहावे. आधी उठली ती कारणाच्या जवळची. इन्व्होकेशन्सच आधी उठल्या असत्या तर खरोखरच गर्दी झाली असे म्हणता आले असते.

त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. उत्तर आले नाही की आपण पुन्हा बटण दाबतो. यंत्रेही तेच करतात. साखळीच्या तीन कड्यांपैकी प्रत्येकीने तीन तीन वेळा प्रयत्न करावयाचा असे ठरविले असेल, तर एका बटणामागे शेवटच्या कडीवर तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ मागण्या जाऊन आदळतात. मदतीची गरज असलेल्यावर सत्तावीसपट ओझे!

एक घडलेला प्रसंग

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २० सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियामधील अ‍ॅमेझॉनच्या केंद्रात नेमके असेच घडले. ‘डायनॅमोडीबी’ हा तेथील सर्व्हरलेस पद्धतीचा डेटाबेस. त्यातील साठवणयंत्रे, आपल्याकडे कोणता मजकूर सोपविलेला आहे ह्याची यादी, अधूनमधून एका मध्यवर्ती सेवेकडून मागून घेत. पहाटे जाळ्यात क्षणभर व्यत्यय आला, आणि बऱ्याच यंत्रांनी एकदम यादी मागितली. दरम्यानच्या काळात एका नव्या सोयीमुळे ह्या याद्या पुष्कळ लांब झाल्या होत्या. त्या ठरलेल्या मुदतीत पोचेनात. मुदत टळली की यंत्र स्वतःला कामातून बाजूला काढी आणि यादी पुन्हा मागे. मागण्यांच्या ह्या भडिमाराने मध्यवर्ती सेवा इतकी गांजली की तिची ताकद वाढविण्याचा हुकूमसुद्धा तिच्यापर्यंत पोचेना. ग्राहकांच्या शंभर मागण्यांपैकी सुमारे पंचावन्न फसू लागल्या. अखेर अभियंत्यांनी त्या सेवेकडे जाणाऱ्या मागण्या काही वेळ थांबविल्या, ताकद वाढविली, आणि मग व्यवहार सुरळीत केला. सगळ्याला सुमारे पाच तास लागले.

कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनात एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे : याद्यांची लांबी किती वाढली ह्याचे पुरेसे बारकाईने मापन होत नव्हते. यंत्रे मोजली जात होती, मागण्या मोजल्या जात होत्या. वाढत होती ती गोष्ट मात्र नीट मोजली जात नव्हती. उपाय योजताना त्यांनी मुदतही वाढविली, हे सांगितले पाहिजे. पण ती एकटी नव्हे. ताकद वाढविली, यादी मागण्याचे प्रमाण कमी केले, आणि त्या लांबीचे मापक बसविले. कारण कळल्यावर वाढविलेली मुदत औषधासारखी असते. न कळता वाढविलेली मुदत दुखणे झाकते.

मापकांनाही मर्यादा आहेत, ह्याचा धडा २५ नोव्हेंबर २०२० रोजी मिळाला. त्याच केंद्रात ‘कायनेसिस’ नावाची सेवा कोलमडली. तिच्यावर अवलंबून असलेले क्लाउडवॉच अडले. आणि लॅम्डाच्या यंत्रांवर, न पाठविता आलेली मापके साचत जाऊन मेमरी अपुरी पडू लागली, तेव्हा लॅम्डाची फंक्शनेही चुकू लागली. तापमापक फुटल्याने रोग्याला ताप यावा तसे हे झाले. मोजणे आवश्यक, पण मोजण्याच्या साधनावर मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचे जीवित अवलंबून नसावे.

मग करावे काय

उपायांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी पुरेत. जे काम मुळातच दीर्घ आहे, उदाहरणार्थ वर्षाचा हिशेब तयार करणे, ते दारावर माणसाला उभे करून करू नये. त्याला क्रमांक द्यावा, काम रांगेत टाकावे आणि झाल्यावर कळवावे. पुन्हा प्रयत्न करावयाचा तो साखळीच्या एकाच कडीने करावा, दर खेपेस अधिक थांबून, आणि सर्वांनी एकाच क्षणी उठू नये म्हणून थोडे मागेपुढे. शिवाय एका फंक्शनला किती आचारी मिळावेत ह्याला मर्यादा घालावी, म्हणजे कोठीच्या दाराशी दाटी होत नाही आणि इतर फंक्शनांचे आचारीही त्याच्या तावडीत सापडत नाहीत.

आणि जेथे पैशाचा किंवा अर्जाचा प्रश्न आहे, तेथे बटण दाबण्यापूर्वीच त्या व्यवहाराला एक क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची मागणी दुसऱ्यांदा आली तर नवे काम न करता पहिल्याचेच उत्तर परत द्यावे. दुकानदार पावतीपुस्तकातील क्रमांक पाहून ‘हे पैसे मिळाले आहेत’ असे सांगतो, तसेच हे. एवढे केले म्हणजे टाइमआउट झाला तरी त्यातील विष उतरते. माणूस निर्धास्तपणे पुन्हा बटण दाबू शकतो.

आपल्यापैकी फार थोड्यांना हे आलेख कधी पाहावे लागतील, हे मी जाणतो. परंतु आपली कामे आता ह्याच वाटांनी जातात, आणि ती यंत्रणा चालविणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आपणा सर्वांना आहे. ‘आमची सरासरी उत्तम आहे’ असे उत्तर मिळाले तर विचारावे की, नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल किती? परत पाठविलेल्यांची मोजदाद कोठे ठेवता? ज्याला टाइमआउट दिसला त्याचे काम झाले की नाही, हे त्याला कसे कळते? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे तयार आहेत तेथे उशीर होणारच नाही असे नाही. पण झालेला उशीर कोणाच्या तरी नजरेस पडेल. आलेखावरील शेवटचा ठिपका हाही एक मनुष्यच असतो, आणि त्या दिवशी बहुधा त्याचीच मुदत संपत आलेली असते.